खुणेचं ताट

शनिवारी दुपारी सुहास मुंबईहून आला. आडवली स्टेशनवर उतरून रिक्षाने घरी पोचला, तेव्हा आग्र्यांच्या ओटीवर सगळे आधीच जमले होते आणि कोणीच बोलत नव्हतं. हे घर गप्प बसणाऱ्यांचं नव्हे. दोघं नुसती काजूच्या भावाबद्दल बोलत असली तरी रस्त्यावरच्याला वाटावं की इथे मारामारी होणार. त्यामुळे पिशवी खाली ठेवायच्या आधीच सुहासला कळलं की रिपोर्ट आला आहे.

"काय आलं?"

तेजलने कागद पुढे केला. दोन महिन्यांनी नवरा घरी आला की बायको निदान पाण्याचा तांब्या तरी पुढे करते. तिने कागदच दिला.

"पॉझिटिव्ह," ती म्हणाली. "बी होताच. आता डी पण आलाय."

सुहासने कागद वाचला आणि त्याला काहीही समजलं नाही. सानवीचं नाव, वय वर्षं अकरा, आणि खाली इंग्रजी. बी त्याला ठाऊक होता. सानवी दोन वर्षांची असताना तापाच्या निमित्ताने रक्त तपासलं, त्यात हिपॅटायटिस बी निघाला. मग तेजलचं तपासलं, तर तिच्यातही निघाला. तो तिच्या अंगात कधीपासून होता ते तिलाच माहीत नव्हतं. सानवी जन्मली ती लांज्याला जाताना वाटेत, जीपमध्येच. जीप तिथूनच मागे फिरली आणि पहिल्या दिवशी टोचायची लस राहून गेली, ती राहूनच गेली. नऊ वर्षं हे असंच चाललं होतं. दर सहा महिन्यांनी रक्त द्यायचं, डॉक्टर म्हणायच्या की लिव्हर शांत आहे, आणि सगळे घरी यायचे. या खेपेला मात्र ते शांत नव्हतं.

"हा डी म्हणजे काय?" त्याने विचारलं.

"डॉक्टरबाईंनी सांगितलं, तो एकटा कुणाच्या घरात शिरत नाही. बी ने दार उघडं ठेवलेलं असलं, की मागनं येतो. ज्याला बी नाही त्याला डी होतच नाही. आणि बी वर डी आला, की लिव्हर भराभर खराब होतं. वीस वर्षांत व्हायचं ते पाच वर्षांत. पोटात पाणी भरतं."

ती हे रेशनकार्डाची माहिती द्यावी तसं सांगत होती. सुहासला ते आवडलं नाही. ती रडली असती तर तिला धीर द्यायचं काम तरी त्याला मिळालं असतं.

धाकटा सागर खांबाला टेकून बसला होता. लांज्यात टेम्पो चालवतो आणि घरातल्या काविळीच्या औषधाचा पुढचा वारस आहे, त्यामुळे डॉक्टर या विषयावर त्याची मतं ठरलेली आहेत. तो म्हणाला, "म्हणजे बी आला तसाच हा पण वैनीकडनंच ना? त्यात नवीन काय?"

आईने, म्हणजे कमलाबाईने, मान हलवली. मान हलवण्यात कमलाबाईचा हात कोणी धरणार नाही. नऊ वर्षं तिने या विषयावर सुनेला एक शब्द वाईट बोललेला नाही. नुसती मान हलवली आहे.

तेजलने पिशवीतून दुसरा कागद काढला. मागच्या शनिवारी डॉक्टरबाईंनी घरातल्या सगळ्यांचं रक्त मागवलं होतं. सगळ्यांनी दिलं, सासऱ्याने, काशीरामाने सुद्धा, कुरकुरत का होईना.

"हा माझा. डी निगेटिव्ह." तिने कागद सागरच्या मांडीवर ठेवला. "वाच. जे माझ्याकडे नाही, ते मी देऊ कुठून?"

सागरने वाचलं. मग सुहासने वाचलं. कमलाबाईला वाचता येत नव्हतं, पण तिनेही हात पुढे केला आणि कागद उलटसुलट करून बघितला.

"मग कुनाकडनं आला?" तिने विचारलं.

तेजलने तिसरा कागद काढला. तो तिने सकाळीच वाचला होता, रत्नागिरीच्या स्टँडवर, बस लागायच्या आधी. तेव्हापासून तिचं डोकं कसं ताळ्यावर राहिलं होतं ते तिचं तिलाच ठाऊक.

"आबांचा," ती म्हणाली. "बी पॉझिटिव्ह. डी पण पॉझिटिव्ह. बाकी घरात कुणालाच डी नाही."

काशीराम झोपाळ्यावर बसला होता. एकाहत्तर वर्षांचा, वाळका, अजून काजूच्या झाडावर चढणारा माणूस. त्याने झोपाळा पायाने थांबवला.

"मना?" तो म्हणाला. "मना काय झालाय? सकाळी दोन भारे लाकडा आनली मी."

*

आग्र्यांकडचं काविळीचं औषध तालुक्याला माहीत आहे. दर रविवारी सकाळी माणसं येतात, लांज्याची, राजापूरची, पार पूर्णगडच्या किनाऱ्यावरची. काशीराम त्यांच्या डाव्या दंडावर पितळी मुठीच्या वस्त्र्याने तीन बारीक फासण्या, म्हणजे चिरा, मारतो आणि त्यांवर एका पाल्याचा रस चोळतो. पाल्याचं नाव घराबाहेर जात नाही. पैसा घ्यायचा नाही, नारळ देवळात ठेवायचा. काशीरामाला हे त्याच्या आवशीने, म्हणजे आईने दिलं, येसूबाईने. तिला तिच्या सासूने.

औषधाचे नेम दोन. एक, वस्तरा दुसऱ्याच्या अंगाला लावायच्या आधी स्वतःच्या मनगटावर ओढायचा, रक्ताचा ठिपका दिसेपर्यंत. दुसऱ्याला दुखवायचं तर आधी आपण दुखून घ्यायचं. काशीरामाचा डावा हात मनगटापासून कोपरापर्यंत मुसळधार पावसात धुपलेल्या बांधासारखा झाला आहे. आणि दुसरा नेम, वस्त्र्याला आग दाखवायची नाही. कावीळ ही उष्णता, आणि उष्णतेवरच्या हत्याराला आगीजवळ नेलं की त्याचा गुण जातो. वीस वर्षांपूर्वी आरोग्य केंद्राची नर्स येऊन सांगून गेली होती की निदान पाण्यात उकळत तरी जा. काशीरामाने तिला चहा पाजला आणि तिचं काहीएक ऐकलं नाही. वस्तरा तांब्याच्या पाण्यात बुडवायचा, फडक्याला पुसायचा, की पुढचा माणूस.

कमलाबाईला हे सगळं पाठ होतं. म्हणूनच तेजलने पुढचं बोलायला तोंड उघडलं तेव्हा काय येणार ते तिला आधीच कळलं आणि तिने पदर तोंडावर घेतला.

"डॉक्टरबाईंनी सानवीचा दंड बघितला," तेजल म्हणाली. "तीन खुणा, एकाखाली एक. मला विचारलं हे कसलं. म्हटलं, दिवाळीनंतर मी माहेरी होते, वडील आजारी होते, तेव्हा हिला करवंदीचा काटा लागला. घरात मला तेच सांगितलं होतं. तर त्या म्हणाल्या, काटा असा पट्टी लावल्यासारखा लागत नाही. आणि म्हणाल्या, मिरकरवाड्याचा एक पेशंट आहे त्यांच्याकडे, त्याच्या दंडावर पण अशाच तीन आहेत."

"गंगाराम," काशीराम म्हणाला. "मार्च मयन्यात आल्ता. बर्फाच्या कारखान्यात हाय तो."

"नाव त्यांनी सांगितलं नाही."

"तोच." त्याने बायकोकडे बघितलं. "पन पोरीला फासनी तेजलला विचारून मारली. तूच बोललंस मना, तेजल व्हय म्हनाली म्हनून. नायतर मी हात लावला असता काय?"

ओटीवर सगळ्या माना कमलाबाईकडे वळल्या. घरच्यांनी दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी फासणी घेण्याचा रिवाज होता, वर्षभर कावीळ फिरकू नये म्हणून. सानवीचं कळल्यापासून तेजलने स्वतःला आणि दोन्ही मुलांना, सानवीला आणि ओमकारला, त्यातून वगळलं होतं. हा एवढा एकच विषय, ज्यावर ती सासऱ्यासमोर उभी राहून नाही म्हणाली होती.

"मी खोटा बोलले," कमलाबाई पदरातून म्हणाली. "पोर बरी होईल म्हनून बोलले. दुनिया येते आपल्या दारात, बरी होऊन जाते. आनी आपलीच पोर दर सहा मयन्यांनी सुया टोचून घेते. मना बघवत नव्हता. ओमकारला पन मारून घेतली त्याच दिवशी. एकीला मारली आनी दुसऱ्याला नाय, तर तो सांगेल तुला म्हनून."

"ओमकारला काही झालेलं नाही," तेजल म्हणाली. "त्याला जन्मल्या दिवशीच लस दिली होती. तोच वस्तरा, तोच दिवस. त्याला नाही झालं आणि हिला झालं. लस एवढीच गोष्ट."

मग ती सासूकडे वळली. "आई, तुम्ही मला न सांगता..." तिचा आवाज इथे पहिल्यांदा हलला. "माझ्या पाठीमागे, आई."

आता कमलाबाईने पदर खाली केला. तिला रडू येत होतं हे खरं, पण एकटीने मार खाण्यातली ती बाई नव्हती.

"सुहासला म्हाईत व्हता," ती म्हणाली. "फोनवर सांगितला मी त्याला. तो बोलला, केलंस तर केलंस, तेजलला सांगू नको."

*

सुहासला त्या क्षणी मुंबईची गाडी परत जाताना आडवलीला किती वाजता थांबते ते आठवायला लागलं. असं आठवणं चूक आहे हे त्याला कळत होतं, पण आठवलं खरं.

"दादा?" सागर म्हणाला. सागरला आता कोणाच्या बाजूने बोलावं ते समजेना. मघाशी तो आईबापांच्या बाजूचा होता, मग नुसता बापाच्या, आणि आता बाप सोडून बाकी सगळ्यांवर चिडायला त्याला जागा होती, पण चिडून उपयोग दिसत नव्हता.

"मला वाटलं, झालंच आहे तर उगाच भांडण कशाला," सुहास म्हणाला. "आबा इतकी वर्षं देतात, कुणाला काही झालं नाही. मला काय माहीत हे असं काही असतं."

"तुला माहीत नव्हतं," तेजल म्हणाली. "मला माहीत होतं. म्हणून मी नाही म्हटलं होतं. तुला एवढंच करायचं होतं, की मला सांगायचं. त्याच आठवड्यात रक्त तपासलं असतं. एक वर्ष गेलं ना रे मधे."

ती उठून माजघरात गेली. सुहास पाठोपाठ गेला. तिने चुलीवरचं कुळथाचं भांडं उतरवलं, मग कारण नसताना परत चढवलं.

"इलाज काय सांगितलाय?" त्याने विचारलं.

"बी च्या गोळ्यांनी डी जात नाही. आठवड्याला एक इंजेक्शन. अठ्ठेचाळीस आठवडे. ताप येतो, अंग मोडतं, केस गळतात. तिघाचौघांतल्या एकाला गुण येतो. आधी मुंबईला मोठ्या डॉक्टरांकडे दाखवून घ्यायचं, लिव्हर कडक किती झालंय ते. थोडं झालंय, असं म्हणाल्या. थोडंच."

"मी रजा टाकतो."

"टाक. चार महिन्यांची टाकता येते का बघ. आणि माझ्याशी आज बोलू नको. मला आज तुझा फार राग आलाय, मी काहीही बोलेन."

तिने मांडणीवरून ताटं काढली. खालच्या फळीवर तिचं ताट होतं, एकटं, पालथं घातलेलं. त्याच्या काठावर खिळ्याने ठोकलेला ठिपका होता. पेल्यालाही होता. नऊ वर्षांपूर्वी तिच्या आजाराचं कळलं त्याच्या दुसऱ्या दिवशी कमलाबाईने लांज्याहून ते ताट आणवलं होतं. डॉक्टरांनी सांगून झालं, तेजलने सांगून झालं, की हे ताटातून पेल्यातून जात नाही, रक्तातून जातं. कमलाबाईने मान हलवली होती.

कमलाबाई दारात येऊन उभी राहिली होती. तेजलने ते ताट हातात घेतलं आणि तिला दाखवलं.

"आई, एक विचारू? सानवीला पण तोच आजार, जो मला. तिच्या ताटाला खूण का नाही केलीत?"

कमलाबाईने त्या ठिपक्याकडे बघितलं.

"ती आमची व्हती," ती शेवटी म्हणाली. आणि आपण काय बोललो ते कानावर पडताच ती खालीच बसली, उंबऱ्यावर, तिन्हीसांजेला उंबऱ्यावर बसू नये असं सगळ्यांना सांगणारी बाई.

तेजल तिच्याजवळ गेली नाही. आज एवढ्यावर भागवायचं, असं तिने ठरवलं. ओटीवर येऊन ती सरळ काशीरामासमोर उभी राहिली.

"आबा, उद्या रविवार आहे. माणसं येतील."

"येतील."

"औषध द्यायचं नाही. आणि का नाही तेही सांगायचं. सगळ्यांसमोर. माझ्या पोरीला हे माझ्याकडनं आलं नाही, तुमच्या वस्त्र्यानं आलं, एवढं सांगायचं. ज्यांना ज्यांना मारल्यात फासण्या, त्यांना रक्त तपासायला सांगायचं. नाही सांगितलंत तर मी पोरांना घेऊन माहेरी, पूर्णगडला जाते. तिथनं रत्नागिरी जवळ पडते, इंजेक्शनलाही बरं."

"वैनी, असं कसं सांगणार?" सागर पटकन म्हणाला. "औषध बंद, बास. आबांना आता झेपत नाही म्हणू. लोक समजून घेतील. पण हे बोललात तर उद्या तालुक्यात तोंड दाखवायला जागा नाही राहणार. चार पिढ्यांचं नाव आहे."

"आणि गंगाराम?"

"त्याला डॉक्टर सांगतील की."

"आणि ज्यांना अजून कळलेलंच नाही ते?"

सागरने खांबाची टेक सोडली. त्याने बापाकडे बघितलं. काशीराम आपल्या डाव्या हाताकडे बघत होता.

सानवी पडवीच्या कोपऱ्यात दप्तर पुढ्यात घेऊन बसली होती. ती तिथे आहे हे सगळेच विसरले होते.

"आजोबांना पण अठ्ठेचाळीस इंजेक्शनं?" तिने विचारलं.

"त्यांचं डॉक्टर ठरवतील," तेजल म्हणाली.

"मग आम्ही दोघं बरोबरच जाऊ. मला शुक्रवार चालेल. शुक्रवारी दोन पीटी असतात."

*

काशीराम पहाटे न्हाणीची चूल पेटवायला उठला, रोजच्यासारखा. पाणी तापेपर्यंत तो चुलीसमोर उकिडवा बसला आणि त्याला आवशीची आठवण आली.

येसूबाई बावन्नाव्या वर्षी गेली. शेवटच्या सहा महिन्यांत तिचं पोट घागरीएवढं झालं होतं आणि हातपाय काड्या. लोक म्हणाले, लोकांची दुखणी अंगावर घेतली, त्याचं हे. काशीरामालाही तसंच वाटत आलं होतं, आणि त्यात त्याला थोडा अभिमानही होता. काल सुनेने ते पोटात पाण्याचं सांगितलं तेव्हा तो झोपाळ्यावर एकदम गार पडला होता. येसूबाईची सासूही पोटानेच गेली होती. तिला त्याने बघितलं नव्हतं, पण ऐकलं होतं.

म्हणजे नेम कामाला येत होता, उलटा. आधी आपल्या मनगटावर, मग दुसऱ्याच्या दंडावर. प्रत्येकाच्या अंगात आधी त्याचं रक्त जात होतं. गंगारामच्या, आणि पोरीच्या. त्याने स्वतःला दुखवून घेतलं ते कुणाच्याच उपयोगी पडलं नव्हतं. हा विचार त्याच्या डोक्यात नीट बसायला वेळ लागला आणि बसल्यावर हलेना.

आठ वाजेपर्यंत घरासमोरच्या खळ्यात नऊ माणसं आली. पूर्णगडहून एक नवरा-बायको, पहिल्या गाडीने निघालेली. नवऱ्याचे डोळे हळदीसारखे पिवळे. वरच्या वाडीची विमला आली होती भाच्याला घेऊन. विमला दर रविवारी कुणाला ना कुणाला घेऊन येते आणि रांग लावायचं काम आपणहून करते.

काशीराम बाहेर आला. हातात वस्तरा होता. सागर त्याच्या मागे आला आणि दाराशीच थांबला.

"आज औषध नाय," काशीराम म्हणाला. "आज नाय आनी यापुढं पन नाय."

"का वो काशीबाबा?" विमलाने विचारलं. "बरा नाय काय तुमाला?"

सागरने सुचवलेलं उत्तर तयारच होतं. झेपत नाही, वय झालं. विमलाने तर ते तोंडात घालून दिलं होतं, नुसतं हो म्हणायचं बाकी होतं. काशीरामाने मागे वळून बघितलं. दारात तेजल उभी होती, हातात पाण्याचा तांब्या आणि पेले घेऊन. आलेल्याला पाणी द्यायचं काम कमलाबाईचं. तेजलच्या हातचं पाणी वाडीतली माणसं घेत नसत, आणि ती देतही नसे. आज कमलाबाई उठलीच नव्हती.

"माजी नात आजारी हाय," तो म्हणाला.

"ता तर जुनाच हाय," विमला म्हणाली. आवाज तिने खाली आणला, पण विमलाचा खालचा आवाज देवळापर्यंत जातो. "आवशीकडनं आलाय ता. सगळ्या वाडीला ठाऊक हाय. त्यात तुमी काय करनार?"

"नाय," काशीराम म्हणाला. "पयला आवशीकडनं आला, तिलाच ठाऊक नसताना. तिची काय चूक नाय. आता जो आलाय तो जीव घेनारा हाय, आनी तो माज्याकडनं आला. ह्या वस्त्र्यानं. माज्या रगतात हाय. आधी मी माज्या हातावर वडतो, मंग तुमच्या. ज्यांना ज्यांना मी फासनी मारली, त्या सगळ्यांनी रगत तपासून घ्या. विमले, तू पन. तुज्या पोरांना मारल्यात मी तीन वर्षा."

विमलाच्या तोंडून शब्द फुटला नाही, आणि हे वाडीत यापूर्वी घडल्याचं कोणाला आठवत नव्हतं.

पूर्णगडचा माणूस उठून पुढे आला. "बाबा, आमी दोन गाड्या बदलून आलाव," तो हात जोडून म्हणाला. "जा व्हायचा असेल ता होऊ दे. तुमी मारा. माझ्या बापाला तुमीच बरा केलाव." त्याने शर्टाची बाही वर केली आणि दंड पुढे धरला.

काशीरामाच्या हाताला सवय होती. बाही वर गेली की बोटं आपोआप जागा शोधायची. ती आताही थोडी पुढे गेली, हे तेजलने बघितलं, सागरने बघितलं.

मग तो वळला. न्हाणीकडे गेला, चुलीतली लाकडं पुढे सारली आणि वस्तरा त्यात टाकला. पितळी मूठ आधी काळी पडली.

"आग दाखवली," तो परत येऊन म्हणाला. "आता त्यात गुण नाय. तुमी रत्नागिरीला जावा. कावीळ साधी असली तर आपसूक बरी होते, तुमचा बापूस पन तसाच बरा झाला असेल. साधी नसली तर डाक्टर बघतील." तो ओटीच्या पायरीवर बसला. "सागर, मोबाईल काढ. आज दिवाळीपासूनची नावा सांगतो, मागली मंग. लिहून घे आनी एकेकाला फोन लाव. पयला गंगाराम. त्याच्या बायकोला पन तपासायला सांग."

सागर जागचा हलला नाही. मग त्याने खिशातून मोबाईल काढला आणि बापाशेजारी बसला. काशीरामाने डोळे मिटले आणि एकेक नाव, गाव, कुणाचा कोण, असं सांगायला सुरुवात केली. चौतीस नावं झाली, तेव्हा सुहासने दुसरा फोन काढून भावाकडून अर्धी घेतली.

पूर्णगडच्या बाईने तेजलकडे हात पुढे केला. "पानी दे गो बाय, लांबचा प्रवास झालाय." ती तेजलच्या माहेरची निघाली, दोन घरं सोडून. तेजलने पाणी दिलं आणि रत्नागिरीतल्या डॉक्टरबाईंचा पत्ता सांगितला.

*

जेवायला बसायला दोन वाजले. फोन अजून चालूच होते. काही जणांनी शिव्या दिल्या, एकाने रडून विचारलं की आता काय करू, एकाचा मुलगा म्हणाला वडील मे महिन्यातच गेले. तो फोन सागरने घेतला होता. त्यानंतर तो बराच वेळ टेम्पोत जाऊन बसला होता.

माजघरात ताटं मांडली होती. कमलाबाईने मांडली होती. डोळे सुजलेले, पण भात तिनेच केला होता आणि पापडही भाजले होते. ती वाढायला लागली आणि काशीरामाच्या ताटापाशी येऊन अडली. तिच्या स्वतःच्या नियमाने आता त्याचंही ताट वेगळं काढायला हवं होतं. वाढायचा डाव हातात धरून ती उभी राहिली. नवऱ्याचं ताट वेगळं करण्याची हिंमत तिला होईना, आणि न करावं तर नऊ वर्षांचं काय, हेही तिच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

काशीरामाने ते बघितलं. तो उठला, मांडणीपाशी गेला आणि खालच्या फळीवरचं खुणेचं ताट काढून आपल्या पाटापुढे ठेवलं.

"आबा, ते माझं आहे," तेजल म्हणाली.

"म्हाईत हाय."

"ताटानं काही होत नाही. कधीच होत नव्हतं. मी नऊ वर्षं सांगतेय."

"ता पन म्हाईत हाय," काशीराम म्हणाला. "तू नऊ वर्षा जेवलीस ह्याच्यात. आता मी जेवतो. नऊ पुरी होतील काय, ता बघू."

कमलाबाई पाठमोरी झाली. सानवीने आजोबांच्या शेजारचा पाट ओढून घेतला आणि पापड मागितला. तेजलला वाटलं होतं की असं काही झालं तर आपल्याला बरं वाटेल. तसं काही वाटलं नाही. पोरीची अठ्ठेचाळीस इंजेक्शनं होती तेवढीच होती. पण तिने सासूच्या हातातून डाव घेतला, काशीरामाच्या ताटात भात घातला, वर कुळथाची पिठी घातली. मग ती मांडणीपाशी गेली आणि वरच्या फळीवरचं, हाताला आलं ते ताट घेऊन जेवायला बसली.